आकाशवाणीनं नाकारलेला मुलगा 'हिंदी रत्न' कसा झाला? अमीन सयानी यांच्या भाषेची गोष्ट

बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लावायचा, हा एकेकाळी देशातल्या लाखो घरांचा शिरस्ता होता. घरातल्या ज्येष्ठांना विचारा, ते आजही त्याबद्दल भरभरून सांगतील. ज्यांच्याकडे रेडिओ नव्हता ते शेजाऱ्याच्या ओट्यावर नाहीतर चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावर जाऊन बसायचे. शॉर्टवेव्हचा आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा, मधेच खरखर व्हायची. आणि मग त्या खरखरीतून एक हसरा, ओळखीचा आवाज यायचा, 'बहनो और भाइयो...'

तो आवाज अमीन सयानी यांचा. २० फेब्रुवारी २०२४ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यानंतर त्यांच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं. पन्नास हजारांहून जास्त कार्यक्रम, हजारो जाहिराती, पद्मश्री हे सगळं आपण वाचलं. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट ओझरती सांगितली जाते आणि पुढे कुणी तिथे थांबत नाही. हिंदी निवेदनाचा बादशहा म्हणून ज्यांना देश ओळखतो, त्या अमीन सयानींना तरुणपणी हिंदी निवेदक म्हणून आकाशवाणीनं घेतलं नव्हतं. कारण होतं त्यांचे उच्चार.

मराठी बोलणाऱ्या मुस्लिम कुटुंबांना ही गोष्ट परकी वाटणार नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरात दखनी बोलली जाते, कुणाच्या कोकणी, कुणाच्या थेट मराठी. शाळेची भाषा एक, मदरशाची दुसरी, आजीची तिसरी. त्यामुळे आपली मराठी ऐकून कुणी आश्चर्य करतं, तर आपली उर्दू ऐकून कुणी हसतं. 'शुद्ध' बोलत नाही म्हणून गप्प बसणारी मुलं आपण घरोघरी पाहतो. म्हणूनच सयानींनी त्या नकाराचं पुढे काय केलं, हे नीट समजून घ्यायला हवं.

आईचं पाक्षिक, एक भाषा आणि तीन लिप्या

अमीन सयानी यांचा जन्म २१ डिसेंबर १९३२ चा, मुंबईतला. घर गुजराती बोलणारं, शिकलेलं आणि स्वातंत्र्य चळवळीशी जोडलेलं. याच घराण्यातले रहिमतुल्ला सयानी १८९६ साली काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्ष होते. वडील जान मोहम्मद सयानी डॉक्टर होते. आईचे वडील डॉ. रजबअली पटेल यांनी महात्मा गांधींवर उपचार केले होते.

पण अमीन यांच्या घडणीत सगळ्यात मोठा वाटा आईचा. कुलसुम सयानी (१९००-१९८७) हे नाव आज फारसं कुणाला आठवत नाही, याचं वाईट वाटतं. १९१७ साली वडिलांसोबत त्या गांधीजींना भेटल्या आणि पुढचं सगळं आयुष्य त्यांनी प्रौढ साक्षरतेला दिलं. मुंबईत पडद्यातल्या मुस्लिम बायकांसाठी त्यांनी शिकवणीची केंद्रं सुरू केली. त्यांतली पन्नास केंद्रं पुढे मुंबईच्या सामाजिक शिक्षण समितीनं आपल्याकडे घेतली. १९६० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

साक्षर झालेल्या माणसापुढे लगेच दुसरा प्रश्न असतो. अक्षरं तर आली, आता वाचायचं काय? वर्तमानपत्राची भाषा त्याला जड जाते आणि लहान मुलांची पुस्तकं वाचायला लाज वाटते. ही गरज ओळखून गांधीजींच्या सूचनेवरून कुलसुमबाईंनी 'रहबर' नावाचं पाक्षिक काढलं. १९४० ते १९६० अशी वीस वर्षं ते चाललं. एकच मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांमध्ये छापला जायचा. भाषा मात्र तिन्हीकडे एकच असायची, साधी हिंदुस्थानी. जड संस्कृत नको आणि जड फारसीही नको. रस्त्यावर, बाजारात, घरात लोक जे बोलतात तेच कागदावर उतरवायचं, असा हिशेब होता.

या पाक्षिकाच्या कामात लहानगा अमीन आईच्या हाताखाली होता. मजकूर बघणं, संपादनाला मदत करणं, छपाईची धावपळ अशी सगळी कामं त्यानं केली. आता यात काय शिकायला मिळत असेल, याचा विचार करा. प्रत्येक वाक्य लिहिताना, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला ते कळेल का, हे विचारावं लागत होतं. कळणार नसेल तर शब्द बदलायचा. वाक्य लांबत असेल तर तोडायचं. अमीन सयानी यांची खरी शाळा ही होती. पुढे ते ग्वाल्हेरच्या सिंधिया स्कूलमध्ये आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकले. पण आपल्या सोप्या बोलण्याचं श्रेय त्यांनी कायम आईच्या 'रहबर'लाच दिलं.

नकार आणि ओव्हल्टीनचा डबा

रेडिओची ओळख करून दिली थोरल्या भावानं. हमीद सयानी हे इंग्रजी निवेदनातलं त्या काळचं मोठं नाव. त्यांच्यामुळे अमीन लहान वयातच मुंबई आकाशवाणीवर इंग्रजी कार्यक्रमांत भाग घेऊ लागले. माईकची भीती अशी फार लवकर गेली.

देश स्वतंत्र झाला तसं आपणही हिंदीत बोलावं असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी आकाशवाणीच्या हिंदी विभागात आवाजाची चाचणी दिली. पण त्यांच्या हिंदी उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे असं कारण सांगून त्यांना परत पाठवण्यात आलं. ही आठवण ते स्वतः मुलाखतींमधून हसत हसत सांगायचे.

नकार देणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गुजराती घर, इंग्रजी कार्यक्रमांची सवय, त्यामुळे उच्चारात ते येणारच. आणि तो काळच भाषेच्या सोवळ्याचा होता. स्वातंत्र्यानंतर सरकारी हिंदी हळूहळू संस्कृतप्रचुर होत चालली होती आणि उर्दू वेगळी काढली जात होती. गांधीजी ज्या मधल्या हिंदुस्थानीचा आग्रह धरत होते, ती दोन्हीकडून आकसत होती. 'रहबर'मध्ये वाढलेल्या मुलाला या व्यवस्थेत जागा सापडणं अवघडच होतं.

दार उघडलं ते कॉलेजच्या आवारात. त्या वेळी रेडिओ सिलोनसाठीचे हिंदी प्रायोजित कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे. निर्माते बालगोविंद श्रीवास्तव 'ओव्हल्टीन फुलवारी' नावाचा कार्यक्रम झेवियर्सच्या तांत्रिक संस्थेतल्या स्टुडिओत करत असत. अमीन तिथे प्रेक्षकांत जाऊन बसायचे. एके दिवशी जाहिरात वाचणारा निवेदक आलाच नाही. श्रीवास्तवांनी समोर बसलेल्यांकडे विचारणा केली आणि अमीन उभे राहिले. ते काम मग त्यांच्याकडेच आलं. मोबदला काय, तर आठवड्याला ओव्हल्टीनचा एक डबा! पण ज्या भाषेसाठी त्यांना परत पाठवलं होतं, त्याच भाषेतली ही त्यांची पहिली कमाई होती.

आकाशवाणीवर चित्रपटगीतं बंद, कोलंबोत सुरू

पुढचं समजायचं तर १९५२ साली नभोवाणीत काय घडलं ते पाहावं लागतं.

त्या वर्षी डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मूळचे आपल्या महाराष्ट्रातले. शास्त्रीय संगीताचे मोठे जाणकार आणि चाहते. संस्थानं विलीन झाली होती, त्यामुळे दरबारांतून गवयांना मिळणारा आश्रय संपला होता. या कलावंतांना आकाशवाणीनं सांभाळावं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यासाठी त्यांनी खूप काही केलंही. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. अनेक वादकांना, गायकांना आकाशवाणीत नोकऱ्या मिळाल्या. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण चित्रपटगीतं त्यांना उथळ आणि पाश्चात्त्य नकलेची वाटायची. त्यांनी या गाण्यांचा वेळ एकदम कमी केला. गाणं लावताना चित्रपटाचं नाव सांगायचं नाही, कारण ती जाहिरात होते, असाही नियम आला. त्यावर निर्माते चिडले आणि त्यांनी गाणी वाजवण्याची परवानगीच काढून घेतली. काही महिन्यांतच आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ दिसेनाशी झाली.

लोकांना ती गाणी हवी होती आणि ती त्यांना समुद्रापलीकडून मिळाली. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या फौजांसाठी इंग्रजांनी सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, अतिशय ताकदीचं प्रक्षेपण केंद्र उभारलं होतं. युद्धानंतर ते रेडिओ सिलोनकडे आलं. शॉर्टवेव्हवर त्याचा आवाज भारतभर आणि भारताबाहेरही लांबवर पोहोचायचा. शिवाय तिथे जाहिराती चालायच्या. आकाशवाणीवर तेव्हा जाहिरातींना बंदी होती. साबण, टूथपेस्ट, चहा विकणाऱ्या कंपन्यांना हे केंद्र सापडलं आणि श्रोत्यांना गाणी सापडली.

आठवड्याला पंचवीस रुपये

'बिनाका' ही सिबा कंपनीची टूथपेस्ट. तिच्या नावानं इंग्रजी गाण्यांचा एक लोकप्रिय कार्यक्रम आधीच चालू होता. तसाच हिंदी गाण्यांचा कार्यक्रम करावा असं ठरलं. हे काम रेडिओ अ‍ॅडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस या मुंबईतल्या संस्थेकडे आलं. हमीद सयानी तिथेच होते. पण अट अशी होती की, संहिता लिहायची, निवेदन करायचं, आलेली पत्रं तपासायची हे सगळं एकाच माणसानं करायचं आणि त्याला मिळणार आठवड्याला पंचवीस रुपये. नावाजलेलं कुणी एवढ्यात तयार होईना. धाकटा भाऊ तयार झाला.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. 'बिनाका गीतमाला'चा पहिला भाग प्रसारित झाला. सुरुवातीला तो अर्ध्या तासाचा होता. सात गाणी लावायची आणि ती कोणत्या काळातली आहेत ते ओळखून श्रोत्यांनी क्रम लावायचा. अचूक उत्तरांना शंभर रुपयांचं बक्षीस. पन्नास-शंभर पत्रं येतील असा अंदाज होता. पहिल्याच भागाला सुमारे नऊ हजार पत्रं आली. नंतर ही संख्या आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेल्याचं सयानी सांगायचे. एकट्या माणसानं ती तपासणं अशक्यच होतं. म्हणून स्पर्धा बंद केली आणि त्या जागी गाण्यांची लोकप्रियता मोजणारी क्रमवारी आली.

कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं. टेप विमानानं कोलंबोला जायची. तिथून ती लहरींवर स्वार होऊन पुन्हा आपल्याच गल्लीत, आपल्याच मोहल्ल्यात यायची. मुंबईतला माणूस पुण्याच्या, नागपूरच्या, औरंगाबादच्या श्रोत्याशी बोलतोय, पण त्याचा आवाज कोलंबोचा फेरा मारून येतोय, अशी ही उफराटी वाट होती.

पहिला नंबर कसा ठरायचा?

आज गाणं किती वेळा पाहिलं गेलं याचा आकडा पडद्यावरच दिसतो. तेव्हा असं काहीच नव्हतं. मग क्रमवारी लावायची कशी?

पहिला आधार होता रेकॉर्डच्या विक्रीचा. मोठ्या शहरांतल्या दुकानदारांकडून कोणती तबकडी किती खपली याची माहिती घ्यायची. पण यात गोम होती. एखादं गाणं इतकं गाजायचं की तबकड्या संपून जायच्या. दुकानात मालच नसला की विक्री शून्य आणि गाणं यादीत खाली! शिवाय तबकडी विकत घेणं सगळ्यांच्या खिशाला परवडत नव्हतं.

म्हणून दुसरा आधार जोडला गेला, तो श्रोता संघांचा. गावोगावी रेडिओ ऐकणाऱ्यांनी आपापली मंडळं काढली होती. ही मंडळं आपल्या पसंतीची यादी पत्रानं कळवायची. विक्री आणि पसंती अशा दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून पाहायच्या, म्हणजे कुणी एकानं मुद्दाम गाणं वर चढवायचा प्रयत्न केला तरी तो उघडा पडावा. आज झारखंडमध्ये असलेलं झुमरीतिलैया हे छोटं गाव अशाच फर्माइशी पत्रांमुळे देशभर माहीत झालं.

ही पद्धत निर्दोष होती असं नाही. गाणं लोकप्रिय आहे म्हणजे ते चांगलंच आहे, असंही नाही. जाणकार समीक्षक एखाद्या गाण्याबद्दल वेगळं बोलला असता. सयानी समीक्षक म्हणून बसतच नव्हते. ते लोकांचा कौल वाचून दाखवत होते. पण वाचताना दोन वाक्यांत गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव, चित्रपट आणि एखादा किस्सा असं सगळं सांगायचे. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणी लावली हे साध्या श्रोत्याला पाठ झालं ते अशा निवेदनामुळे.

आपल्याला अभिमान वाटावा अशी एक नोंद इथे करायला हवी. १९५३ सालच्या वार्षिक यादीत पहिला क्रमांक 'अनारकली' चित्रपटातल्या लता मंगेशकर यांच्या गाण्याला मिळाला. संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. मुघल दरबाराची कथा, मराठी संगीतकार, मराठी गायिका, उर्दू वळणाची शब्दकळा आणि ते सांगणारा गुजराती घरातला मुस्लिम निवेदक! हिंदुस्थानी म्हणजे काय, ते वेगळं सांगायची गरज उरली नाही.

त्यांची भाषा नेमकी कशी होती?

सयानींची नक्कल करायची म्हटलं की लोक आवाज घोगरा करतात आणि 'बहनो और भाइयो' म्हणतात. पण त्या तीन शब्दांतही एक विचार होता. भाषणात नेहमी भाऊ आधी यायचे. सयानींनी बहिणींना आधी बोलावलं. पडद्यातल्या बायकांना अक्षरं शिकवणाऱ्या आईच्या मुलाला हे सुचावं, यात नवल नाही.

दुसरा शब्द 'पायदान'. क्रमवारीतल्या जागेला काय म्हणायचं? इंग्रजीतला शब्द उचलता आला असता. संस्कृतातून 'स्थान' घेता आलं असतं. त्यांनी ट्राममध्ये, बसमध्ये चढताना जिच्यावर पाय ठेवतो ती पायरी घेतली. गाणं एक पायदान वर गेलं, दोन पायदान खाली आलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जिना उभा राहायचा. मराठी माणसालाही तो शब्द समजावून सांगावा लागला नाही, कारण 'पाय' त्याच्या ओळखीचाच होता. आणि सगळ्यात वरच्या गाण्याला 'सरताज'. डोक्यावरचा ताज! यातला एकही शब्द शोधायला कोश उघडावा लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ते सभेत भाषण केल्यासारखं बोलत नसत. त्या काळातले बरेच निवेदक लिहिलेलं गंभीरपणे वाचायचे. सयानी समोर एकच माणूस बसलाय असं समजून बोलायचे. मधेच थांबायचे, हसायचे, श्रोत्याच्या पत्रातलं वाक्य घेऊन त्याला उत्तर द्यायचे. हे सहज वाटायचं, पण त्यामागे लिहून काढलेली आणि पुन्हा पुन्हा घासलेली संहिता असायची.

आणि उच्चार? त्यांनी त्यावर मेहनत घेतली, त्यात शंका नाही. पण आपण अमुक प्रांतातले आहोत असं दाखवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. त्यांची बोली लखनौची नव्हती, बनारसची नव्हती, दिल्लीचीही नव्हती. ती मुंबईत वाढलेल्या माणसाची होती. म्हणूनच तमिळ घरात, बंगाली घरात, मराठी घरात ती सारखीच कळली. हिंदी ज्यांची मातृभाषा नाही अशा लाखो लोकांना गीतमालेनं हिंदी ऐकायची सवय लावली.

आकाशवाणीनंच पुढे बोलावलं

लोक मोठ्या संख्येनं सिलोनकडे वळले हे सरकारलाही दिसत होतं. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवर परतली. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिरातीही आल्या. त्याची सुरुवात मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच केंद्रांवरून झाली. ज्या संस्थेनं तरुण अमीनला परत पाठवलं होतं, तिच्याच लहरींवर त्यांचे प्रायोजित कार्यक्रम एकामागून एक सुरू झाले. 'सॅरिडॉन के साथी', 'एस. कुमार्स का फिल्मी मुकद्दमा', 'सितारों की पसंद' ही नावं त्या पिढीला आजही आठवतात. 'फिल्मी मुकद्दमा'मध्ये कलाकारांना खटल्याच्या रूपात प्रश्न विचारले जायचे. चित्रपटाबद्दल चार गोष्टी हसत-खेळत बोलायची ही त्यांची तऱ्हा होती.

१९७५ मध्ये भाऊ हमीद यांचं निधन झालं. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' हा त्यांचा शाळकरी मुलांचा इंग्रजी कार्यक्रम अमीन यांनी पुढे सांभाळला. एड्सबद्दल बोलायलाही लोक घाबरत होते, त्या काळात त्यांनी आकाशवाणीसाठी 'स्वनाश' ही १३ भागांची मालिका केली. तिच्यात खऱ्या रुग्णांच्या कहाण्या नाट्यरूपात होत्या आणि डॉक्टरांच्या मुलाखती होत्या. अवघड विषय साध्या माणसाला समजावून सांगायचा, हे आईच्या 'रहबर'चंच काम झालं. फक्त कागदाऐवजी माईक होता.

'गीतमाला' १९८० च्या दशकाच्या अखेरीस विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. २००० नंतरही काही काळ ती पुन्हा ऐकू आली. चार दशकांहून अधिक काळ एकाच माणसानं एकच कार्यक्रम चालवला. परदेशातल्या केंद्रांसाठीही त्यांनी कार्यक्रम केले. आखातात उम्म अल्-कुवैनच्या रेडिओवरून 'गीतमाला की यादें' प्रसारित झाली. 'भूत बंगला', 'तीन देवियाँ' अशा काही चित्रपटांत ते निवेदक म्हणूनच पडद्यावर दिसले. घरातही त्यांनी भिंती ठेवल्या नाहीत. त्यांच्या पत्नी रमा या काश्मिरी पंडित कुटुंबातल्या होत्या.

नकाराची दुसरी बाजू

त्यांच्याच तोंडून ऐकलेला आणखी एक किस्सा या गोष्टीत महत्त्वाचा आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस एक उंच, सडपातळ तरुण वेळ न ठरवता आवाजाची चाचणी द्यायला त्यांच्या कार्यालयात आला. सयानी तेव्हा आठवड्याला वीस-वीस कार्यक्रम करत होते. क्षणाची फुरसत नव्हती. वेळ घेऊन या, असा निरोप त्यांनी पाठवला. तरुण पुन्हा आला, तेव्हाही तेच झालं. त्या तरुणाचं नाव अमिताभ बच्चन होतं, हे त्यांना नंतर कळलं.

सयानी हा किस्सा लपवत नसत. आपण त्यांचा आवाज ऐकलाच नाही याची खंतही ते बोलून दाखवायचे. आणि झालं ते दोघांच्याही भल्याचं झालं, नाहीतर मला रेडिओवर काम उरलं नसतं, अशी कोपरखळीही मारायचे. ज्याला स्वतःला नकार मिळाला होता, त्याच्याही हातून दुसऱ्याला नकार गेला. दारावर बसलेल्या माणसाला नेहमीच सगळं दिसतं असं नाही. म्हणून दारावरच्या माणसाचं मत हे आपल्या आवाजाबद्दलचं शेवटचं मत समजायचं कारण नाही.

आपल्या घरासाठी यात काय आहे?

२००७ मध्ये दिल्लीच्या हिंदी भवननं अमीन सयानी यांना 'हिंदी रत्न' पुरस्कार दिला. २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. ५४ हजारांहून जास्त कार्यक्रम आणि १९ हजारांच्या आसपास जाहिराती अशी त्यांच्या कामाची मोजदाद 'लिम्का बुक'मध्ये झाली. उच्चार बरोबर नाहीत म्हणून जिथून परतावं लागलं, त्याच भाषेचं रत्न म्हणून त्यांचा गौरव झाला.

मग उच्चार महत्त्वाचे नाहीत का? आहेत. सयानींनी त्यासाठी कष्ट घेतले, संहिता घासली, चुका सुधारल्या. मुलांना 'श' आणि 'स', 'ज' आणि 'झ' नीट शिकवायलाच हवेत. पण शिकवणं वेगळं आणि लाजवणं वेगळं. ज्या मुलाला बोलताना हसतात ते मूल बोलणंच सोडतं. आणि जे बोलतच नाही त्याचे उच्चार सुधारणार कधी?

दुसरं असं की घरात तीन-चार भाषा असणं ही अडचण नाही, ती पुंजी आहे. सयानींकडे गुजराती होती, इंग्रजी होती, आईची तीन लिप्यांतली हिंदुस्थानी होती. त्या सगळ्यांतून त्यांनी सोपा शब्द निवडायला शिकून घेतलं. आपल्या मुलांकडे मराठी आहे, दखनी किंवा कोकणी आहे, उर्दू आहे, शाळेची इंग्रजी आहे. यातली कोणतीही भाषा कुणा एका धर्माच्या नावावर नोंदलेली नाही. मराठी आपली आहे, हे कुणाला सिद्ध करून दाखवायची गरज नाही. ती समोरच्याला कळेल अशी बोलली, लिहिली की झालं.

आणि शेवटी कुलसुमबाईंची आठवण ठेवूया. माईक मुलाच्या हातात होता, पण समोरच्या माणसाला कळलं पाहिजे हा आग्रह आईचा होता. घरात वयस्कर कुणी असतील तर एखाद्या बुधवारी रात्री आठ वाजता त्यांच्याजवळ बसा आणि गीतमालेबद्दल विचारा. ते कोणत्या भाषेत सांगतात, कोणते शब्द वापरतात, तेही कान देऊन ऐका. तुमच्या घरची हिंदुस्थानी तुम्हाला तिथेच सापडेल.